जुने भिंग, नवा कॅमेरा

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या घरी एक वयस्क बाई आल्या. त्यांच्या यजमानांचा चंद्रपुरात पुष्कळ वर्षे फोटो स्टुडिओ होता. यजमान गेले, गाळा दुसऱ्याकडे गेला, आणि राहिलेले सामान एका पत्र्याच्या पेटीत भरून घरी आले. ती पेटी नातवाच्या डोक्यावर देऊन बाई आमच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "का जी भाऊ, भंगारवाला पाचशे म्हणते. देऊन टाकू का?"

आम्ही पेटी उघडली. एक रशियन झेनिट कॅमेरा, त्यावर हेलिओस नावाची लेन्स; दोन जपानी लेन्सा; एक लांबुडकी, १३५ मिलिमीटरची; एक एन्लार्जरची, म्हणजे काळोख्या खोलीत फोटो मोठे करण्याच्या यंत्राची, लहानशी लेन्स; आणि तळाशी रबराने बांधलेली काही पाकिटे. त्या पाकिटांकडे आमचे त्या दिवशी लक्ष गेले नाही. ती आमची चूक, आणि तिच्याविषयी शेवटी बोलायचे आहे. तूर्त काकूंना आम्ही एवढेच म्हटले, की "आठ दिवस थांबा, पाहून सांगतो." आजचे हे विवेचन म्हणजे त्या आठ दिवसांत आणि पुढे वर्षभरात आम्ही जे पाहिले त्याचा हिशेब आहे.

"जुने ते सोने" असे आपण म्हणतो. ही म्हण सोनाराला मान्य होणार नाही. सोनार वय विचारीत नाही, कसोटीच्या दगडावर घासून कस पाहतो. आज हौशी मंडळींत जुन्या लेन्सांचे वेड वाढले आहे, तर दुसरीकडे जुने म्हणजे टाकाऊ असे मानणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही पक्ष वयाकडे पाहतात, कसाकडे पाहत नाहीत. तेव्हा आपण आधी लेन्सचे काम काय ते पाहू, म्हणजे कसोटी आपोआप हाती येईल.

वैशाखातल्या दुपारी आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि आपण दारेखिडक्या लावून काळोखात पडून राहतो. अशा वेळी दाराच्या एखाद्या बारीक भोकातून समोरच्या भिंतीवर रस्त्याचे चित्र पडलेले तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. सायकलवाला जातो, तो भिंतीवर उलटा, डोके खाली करून सरकतो. कॅमेरा म्हणजे एवढेच. काळोखी खोली, एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला भिंत. भोक बारीक असले की चित्र रेखीव पण अंधूक. भोक मोठे केले की उजेड वाढतो पण चित्र फिसकटते. मोठ्या भोकातून भरपूर उजेड घ्यावा आणि चित्रही रेखीव राहावे, ही अडचण भिंगाने सोडवली. एका नळीत अशी अनेक भिंगे बसविली की तिला लेन्स म्हणतात.

आता भिंतीच्या जागी काय आहे, ह्याची लेन्सला काही खबर नसते. तिथे फिल्मचा रोल असो की डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर असो, ती आपले चित्र पाडून मोकळी होते. जुन्या लेन्समध्ये बॅटरी नाही, तारा नाहीत, मोटार नाही. काच नीट राहिली तर पन्नास वर्षांपूर्वी ती जसे चित्र पाडीत होती तसेच आजही पाडते. पेटीतल्या हेलिओसचेच पाहा. तिची ५८ मिलिमीटर, एफ २ ही रचना मुळात जर्मनीच्या झाइस कारखान्यातल्या बायोटार लेन्सची. विली मेर्टे यांनी ती आखली. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी तीच रचना उचलली, आणि पुढे झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती लक्षावधींच्या संख्येने जगभर गेली. सोव्हिएत मालाची आयात होत असे त्या काळात ती भारतातही आली. चार गटांत सहा भिंगे, एवढाच तिचा संसार.

मग अशा लेन्सा कपाटात का पडून राहिल्या? आणि आता त्या पुन्हा उपयोगी का पडू लागल्या? ह्याचे उत्तर एका अंतरात आहे.

लहानपणी आपण सर्वांनी भिंगाने कागद जाळला आहे. भिंग कागदाच्या फार जवळ धरले तर जळत नाही, फार दूर धरले तरी जळत नाही; एका नेमक्या अंतरावर उन्हाचा ठिपका होतो आणि धूर निघतो. लेन्सचेही असेच. कॅमेऱ्याच्या तोंडाच्या कडीपासून फिल्मपर्यंतचे अंतर किती, हे गृहीत धरून ती बनवलेली असते. झेनिटच्या लेन्सला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात, आणि तिला मागे ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. निकॉनने १९५९ साली जी पद्धत आणली तिचे अंतर ४६.५ मिलिमीटर. कॅननने १९८७ साली जी नवी पद्धत आणली तिचे ४४. ही अंतरे एवढी मोठी का, तर त्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे एक आरसा असे. छायाचित्रकाराला लेन्समधून दिसावे म्हणून तो तिरपा बसवलेला, आणि फोटो काढताना तो टाळी वाजवल्यासारखा वर उडे. त्या आरशाला हलायला जागा लागे.

२००८ साली पॅनासॉनिकने ह्या अदलाबदलीच्या लेन्सच्या कॅमेऱ्यांतून आरसाच काढून टाकला. सेन्सरवरचे चित्र सरळ मागच्या पडद्यावर दाखवायचे, मग आरसा कशाला? पाठोपाठ इतरही आले. आरसा गेला तशी जागाही उरली नाही. सोनीचे अंतर १८ मिलिमीटर, निकॉनच्या २०१८ च्या नव्या पद्धतीचे १६, कॅननच्या नव्या पद्धतीचे २०. आता हिशेब करा. लेन्सला हवे ४५.४६, कॅमेऱ्यात आहे १८. कमी पडले २७.४६ मिलिमीटर. तेवढ्या लांबीचे धातूचे पोकळ कडे मध्ये बसविले की झाले. ह्या कड्याला बाजारात अडॅप्टर म्हणतात. त्यात काच नसते, विद्या नसते. असते फक्त अंतर.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अंतर वाढवता येते, घटवता येत नाही. आरसा असलेल्या कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यावर हेलिओस बसते, कारण ४४ पेक्षा ४५.४६ मोठे आहे. दीड मिलिमीटराचे पातळ कडे पुरते. पण आरसा असलेल्या निकॉनवर ती साध्या कड्याने बसवली तर दूरचे कधीच स्पष्ट दिसणार नाही, कारण तिथे आधीच एक मिलिमीटर अंतर जास्त आहे. तेव्हा दुकानदाराने "सगळ्याला चालते" म्हटले तरी दोन आकडे मांडून वजाबाकी करावी. बाकी कड्याएवढी उरली तरच पैसे मोजावेत.

कड्याचे महत्त्व आम्हांला मार्कंड्याने शिकविले. काकूंची हेलिओस तपासायची म्हणून आम्ही एक स्वस्तातला अडॅप्टर मागवला आणि चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंडा देवस्थानाला गेलो. तिथल्या भिंतींवरच्या मूर्ती उत्तम आल्या. अलंकाराचा मणी न् मणी मोजून घ्यावा. मग आम्ही देवळाबाहेर येऊन नदीचे पात्र आणि पलीकडचा काठ टिपला, देवळांचा समूह लांबून टिपला. घरी येऊन पाहतो तो लांबचे एकूण एक फोटो पिठूळ. आधी वाटले, आमच्या डोळ्यांवर जाळे आले. मग वाटले, लेन्सच गेली. काकूंना "द्या भंगारात" असे सांगायची आमची तयारी झाली होती. नशिबाने त्याआधी कडे मोजून पाहिले. ते हवे त्याहून मिलिमीटराच्या तीन दशांशांनी जाड होते. लिहिण्याच्या कागदाचे तीन ताव एकावर एक ठेवले की जेवढी जाडी होते, तेवढी ही चूक. पण ५८ मिलिमीटरच्या लेन्सला एवढ्या चुकीने सुमारे अकरा मीटरच्या पलीकडचे काहीच स्पष्ट दिसत नाही. मूर्ती अकरा मीटरच्या आत होत्या, नदी बाहेर होती. दोष कड्याचा होता आणि शिक्षा लेन्सला होणार होती.

तेव्हापासून आमचा नियम असा. नवे कडे आले की पहाटे गच्चीवर जायचे, लेन्सची कडी अनंताच्या खुणेपर्यंत, म्हणजे आडव्या पडलेल्या आठाच्या आकड्यापर्यंत, फिरवायची आणि वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे पाहायचे. चंद्रपूरकरांना वीजकेंद्राने काय काय दिले ह्याची चर्चा निराळी. पण दूरवर उभी, सरळ कडांची अशी खूण फुकट मिळते, तिचा उपयोग करावा. धुराड्याची कड रेखीव दिसली तर कडे बरोबर. रेखीवपणा खुणेच्या थोडा आधीच आला तर कडे किंचित पातळ आहे, ते चालते. खुणेपर्यंत जाऊनही कड पिठूळच राहिली तर कडे परत करावे.

कॅमेऱ्याकडूनही थोडे समजून घ्यावे लागते. जुनी लेन्स लावली की नव्या कॅमेऱ्याला वाटते, आपल्याला लेन्सच नाही. तो रुसून बसतो आणि बटण दाबू देत नाही. त्याच्या यादीत "लेन्स नसताना शटर चालू द्यावे" अशा अर्थाची एक सोय असते, ती चालू करावी. कॅमेऱ्याला हाताचा कंप सावरण्याची सोय असेल तर त्यात लेन्सचा आकडा, इथे ५८, हाताने भरावा. नाही तर तो भलतेच सावरतो. उजेडाचे मोजमाप कॅमेरा स्वतः करतो, पण ॲपर्चरची कडी आपण फिरवायची. हेलिओसच्या एका जातीत अशा दोन कड्या आहेत: एकीने आकडा ठरवून ठेवायचा, दुसरीने ॲपर्चर उघडायचे आणि त्या आकड्यापर्यंत मिटायचे. पूर्ण उघडून फोकस जमवायचा, मग मिटून फोटो घ्यायचा. फोकस जमवताना पडद्यावरचे चित्र मोठे करून पाहावे. कडांना रंग दाखविण्याची एक युक्ती नव्या कॅमेऱ्यांत असते. ती सोयीची आहे, पण पुरी भरवशाची नाही.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याविषयी एक गैरसमज आहे. त्यावर लेन्स "लांबची होते" असे लोक म्हणतात. लेन्स होती तशीच राहते. सेन्सर लहान म्हणून चित्राच्या कडा कापल्या जातात. घोंगडीवर दही वाळत घातले तर घोंगडीभर पसरते, रुमालावर घातले तर रुमालापुरते राहते, दही तेच. दीडपट कापणाऱ्या सेन्सरवर ५८ ची हेलिओस ८७ मिलिमीटरसारखी चौकट देते. ती माणसाच्या चेहऱ्याला फार शोभते. शिवाय जुन्या लेन्सच्या कडा बहुधा मऊ असतात, त्या कापल्या गेल्या तर नुकसान नाही.

आता मुख्य प्रश्न: आपल्या ह्या दोन वनजिल्ह्यांत अशा लेन्सचे काय काम?

आधी काम नाही ते सांगू. ताडोब्यात वाघ पाहायला जाताना ही लेन्स घेऊन वाघाच्या फोटोची आशा धरू नये. वाघ रस्ता ओलांडतो तो आपल्या फोकसची वाट पाहत नाही. हाताने कडी फिरवेपर्यंत शेपटी तेवढी मिळते. लग्नाचा धंदा करणाऱ्यानेही हिच्यावर विसंबू नये. मंगलाष्टके संपली आणि अंतरपाट दूर झाला की छायाचित्रकारासाठी तो कोणी पुन्हा धरीत नाही. काकूंचा नातू लग्नाची कामे घेऊ लागला होता आणि आपोआप फोकस होणाऱ्या लेन्ससाठी कर्ज काढावे की आजोबांच्या लेन्सवर भागवावे, ह्या विचारात होता. आम्ही त्याला स्पष्ट सांगितले, की धंद्यासाठी नवी लेन्स घे, कारण तिथे दुसऱ्याचा दिवस तुझ्या हाती असतो. शिकण्यासाठी जुनी वापर, कारण तिथे चूक तुझ्या एकट्याची असते.

पण जे थांबते ते पुष्कळ आहे. अंचलेश्वराजवळची राणी हिराईने बांधविलेली बीरशहाची समाधी थांबते. जटपुरा, पठाणपुरा हे परकोटाचे दरवाजे थांबतात. चैत्रात पहाटे मोहाच्या झाडाखाली पडलेली फुले, ती वेचली जाईपर्यंत, थांबतात. सूप विणणारा बुरूड हातातले काम न थांबवता एका जागी बसतो. अशा ठिकाणी हाताने फोकस करणे ही अडचण राहत नाही. उलट, कोठे पाहायचे हे ठरविल्यावाचून फोटो घेताच येत नाही, हा तिचा गुण ठरतो. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो हेलिओसने एफ २ वर घेतला तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर सुमारे चौदा सेंटिमीटर एवढीच खोली स्पष्ट येते. एफ ८ वर ती सत्तावन्नच्या आसपास जाते. म्हणजे चेहरा हवा की चेहऱ्याबरोबर हातातले सूपही हवे, हे आधी ठरवावे लागते. आणि समोरच्या माणसाला तेवढा वेळ बसायला सांगायचे तर आधी त्याला विचारावे लागते. गडचिरोलीच्या आठवडी बाजारात लांबून चोरून फोटो घेणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. ही लेन्स चोरी करू देत नाही. जवळ जा, नमस्कार कर, परवानगी माग, असे ती सांगते. "नाही" म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा.

हालत्या गर्दीतही एक जुनी युक्ती चालते, जी आजच्या तरुणांना फारशी ठाऊक नाही. जुन्या लेन्सच्या अंगावर अंतराचे आकडे असतात, आणि कोणत्या ॲपर्चरला कोठून कोठपर्यंत स्पष्ट येईल ह्याच्या रेघाही कोरलेल्या असतात. चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेत आम्ही एफ ११ ठेवला आणि अंतर दहा मीटरवर लावले. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. मग फोकसकडे पाहायचेच नाही, फक्त माणसांकडे पाहायचे. आपल्या जुन्या स्टुडिओवाल्यांनी वराती अशाच टिपल्या.

हेलिओसची ख्याती आहे ती पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरल्याचा भास होण्याची. त्यात जादू काही नाही. चित्राच्या कडेला येणारा उजेड लेन्सच्या नळीने थोडा कापला जातो, म्हणून मध्ये गोल दिसणारे प्रकाशाचे ठिपके कडेला डोळ्याच्या आकाराचे होतात आणि एका दिशेने फिरल्यासारखे वाटतात. आलापल्लीच्या सागवानात किंवा बांबूच्या बेटात, पानांच्या फटींतून आकाश चमकत असते तिथे, हा भास हमखास होतो. एकदोनदा मौज वाटते. प्रत्येक फोटोत तोच भोवरा आला की पाहणाऱ्याला भोवळ येते. मिरचीचा ठेचा तोंडी लावायला असतो, त्याचे जेवण करीत नाहीत.

आता कसोटीकडे येऊ. लेन्स घ्यावी, ती डोळ्यासमोर धरावी आणि मागून बॅटरीचा उजेड टाकावा. धुळीचे चार कण दिसले तर भिऊ नये. त्यांनी चित्राला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपला पावसाळा आणि बंद चामडी पिशवी ह्यांच्या संगतीने ती वाढते. लवकर साफ केली तर जाते. उशीर झाला तर काचेवरच्या लेपात तिचे कोरीव काम कायमचे राहते. सारी काच धुरकट दिसली तर उजेडाकडे तोंड करून घेतलेला प्रत्येक फोटो फिका येईल. पुढे ॲपर्चरची पाती पाहावीत. आपल्या उन्हाळ्यात आतले वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते आणि पाती चिकटतात. मग आकडा ११ दाखवतो आणि भोक मात्र उघडेच राहते. काही जुन्या लेन्सांच्या काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य घातलेले असे. वयाने ती काच चहासारखी पिवळी पडते. जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बहुतांशी उतरतो. अशी लेन्स रीतसर वापरण्यात धोका मानीत नाहीत. मात्र ती फोडू नये, घासू नये.

सांभाळण्याचे नियम थोडे आहेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात. तांदळाच्या डब्यात ठेवू नये. पीठ आत जाते. उघड्या गाडीतून जंगलात फिरताना रस्त्याच्या धुळीत लेन्स बदलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: ह्या नव्या कॅमेऱ्यांत आरसा नाही, म्हणून मध्ये आड काही नाही. पूर्ण उघडलेली लेन्स झाकणाशिवाय वैशाखातल्या सूर्याकडे तोंड करून पडून राहिली, तर लहानपणी कागदाचे जे झाले तेच आतल्या शटरचे किंवा सेन्सरचे होऊ शकते. फोटो झाला की झाकण लावावे.

ह्या कसोटीने पेटीतल्या पाच लेन्सांपैकी हेलिओस आणि एन्लार्जरची लेन्स खणखणीत निघाल्या. एका जपानी लेन्सची पाती कारागिराने साफ करून दिली. उरलेल्या दोन बुरशीने पार गेल्या होत्या. त्या भंगारात गेल्या आणि आम्हांला वाईट वाटले नाही.

एन्लार्जरच्या लेन्सचा उपयोग काय, असे नातवाने विचारले तेव्हा आम्हांला तळाची पाकिटे आठवली. ती निगेटिव्हची होती. पाकिटांवर छापलेल्या पत्त्यात गावाचे नाव "चांदा" होते. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले. त्याआधीची ती पाकिटे. पेन्सिलीने लिहिलेल्या नावांपुढे अहेरी, चामोर्शी, सिरोंचा अशी गावे. ती तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती; गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. काही पाकिटांना शिरक्याचा आंबट वास येत होता. फिल्मचा पाया उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागला म्हणजे असा वास सुटतो, आणि कुजलेली फिल्म शेजारच्या फिल्मलाही नासवते. त्या दिवशी आम्ही पाचशे रुपयांना "हो" म्हटले असते तर हे सारे गेले असते.

एन्लार्जरच्या लेन्सचे सारे आयुष्य जवळच्या सपाट वस्तूचे, चारी कोपरे सारखे रेखीव येईल असे चित्र पाडण्यात गेलेले असते. म्हणून निगेटिव्हची नक्कल घ्यायला तिच्यासारखी लेन्स नाही. ५० मिलिमीटरची असेल तर तिच्यापासून सेन्सर सुमारे दहा सेंटिमीटर आणि निगेटिव्हही तेवढीच दूर ठेवली, की चित्र मूळ आकाराचे पडते. एवढे अंतर भरायला पोकळ नळ्या किंवा भाता लागतो. निगेटिव्ह सारख्या उजेडाच्या पांढऱ्या दिव्यावर चकचकीत बाजू वर करून सपाट ठेवायची, म्हणजे डावे-उजवे उलटत नाही. ॲपर्चर एफ ५.६ किंवा ८. हात न लावता दोन सेकंदांच्या टायमरने फोटो घ्यायचा आणि संगणकावर काळ्याचे पांढरे करायचे. ज्या लेन्सने आजोबांनी हे फोटो कागदावर उतरविले, तिनेच नातवाने ते पुन्हा उतरविले. वास येणारी पाकिटे आधी घेतली आणि वेगळी ठेवली.

पहिल्याच आठवड्यात जटपुरा दरवाज्यासमोर उभा केलेला एक टांगा निघाला. शाळेच्या मुलींची एक रांग निघाली. खुर्चीवर ताठ बसलेले नवरानवरी निघाले, नवरीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आमच्या लेखी ते अनोळखी चेहरे होते. काकूंनी पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या गल्लीतली! हिचा धाकटा भाऊ आता नागपूरले राहते." निगेटिव्हवर नाव नसते. नाव सांगणारे माणूस असते, आणि ते सत्तरी ओलांडलेले असते. लेन्सला घाई नाही, तिची काच आणखी पन्नास वर्षे राहील. घाई आहे ती फिल्मला आणि नावांना.

म्हणून आपणां सर्वांना विनंती एवढीच. दिवाळीच्या सफाईत जुना कॅमेरा निघाला तर लेन्स बॅटरीच्या उजेडात पाहा. चांगली असेल तर शिकणाऱ्या पोराच्या हाती द्या, वाईट असेल तर खुशाल भंगारात द्या. पण पाकिटे निघाली तर ती हुंगा, उजेडासमोर धरा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला जवळ बसवा. दुसऱ्या घरचे फोटो निघाले तर ते त्या घरी पोहोचवा. त्यांना विचारल्यावाचून कोठे मांडू नका.

काकूंची पेटी काकूंच्याच घरी आहे. नातवाने धंद्यासाठी नवी लेन्स हप्त्याने घेतली. दर मंगळवारी संध्याकाळी, त्या दिवशी त्याला काम नसते म्हणून, तो एक पाकीट उघडतो आणि काकू नावे सांगतात. अजून बरीच पाकिटे व्हायची आहेत.